सख्खी किडनी

छबूबाईची किडनी भावाला बसवून महिना होतो न होतो, तोच सहादेवचं अंग ती नाकारायला लागलं. डॉक्टरांनी समजावलं, "शरीरातली काही प्रथिनं आवई उठवतात, घरात कुणी परकं घुसलंय म्हणून. मग सगळ्या पेशी नव्या किडनीवर तुटून पडतात."

सहादेव खवळला. "परकी? सख्ख्या बहिनीची हाय! एवढंबी कळत न्हाई व्हय त्या प्रथिनांना?"

पायाशी बसलेल्या छबूबाईनं पिशवीतून हक्कसोडपत्र काढलं. 'लगीन झालेली बहीन परक्या घरची, तिला बापाच्या जमिनीत कशाला हिस्सा,' म्हणत सहादेवनंच ते सकाळी सहीला दिलं होतं. सही न करताच तिनं ते त्याच्या पांघरुणावर ठेवलं.

"तुझ्याच अंगातली हायेत, दादा," ती म्हणाली. "दुसरं काय शिकनार?"