सरकीचा कौल

विद्यापीठाचं पत्र सुनयनानं पुन्हा वाचलं. लिबरल स्टडीजच्या वेगळ्या अभ्यासक्रमाला मार्क लागत नव्हते. पुस्तकाबाहेर शिकलेली एक गोष्ट लिहून पाठवायची होती. प्रवेश मिळाला होता, पण हैदराबादच्या होस्टेलात लेकरू चालत नव्हतं. जैनथ गावातल्या घरी अंगणात वाळत्या कापसावर तिची दोन वर्षांची आर्वी झोपली होती. नाकाजवळचा पुंजका सुनयनानं हळूच बाजूला केला. “आत्या, नाही जात मी. पोरगी रडन,” ती सासूला म्हणाली. “रडन दोन दिवस. मी हाय ना,” सासू म्हणाली. “तुनं लिवलं काय होतं?” “सरकी चावून तुमी कापूस वाळला का ते सांगता, तेच.” “अन् त्यावर घेतलं? येडेच हायेत!” हसत सासूनं कापसातली सरकी तिच्या हातावर ठेवली. “चाव बरं.” सुनयनानं ती दाताखाली धरली. कट्ट वाजलं. “वाळला.” सासूनं तिच्या हातातल्या पत्राकडे बोट दाखवलं. “मंग वाळलेला माल घरात काऊन ठेवून राह्यली?”