निघालेल्या खुर्च्या

खुर्च्या पोचल्याच नाहीत हे उघड झालं, त्या सकाळी कारखान्याचा मालक गोदामाच्या दारात फोन धरून उभा होता. परदेशातल्या हॉटेलवाल्याचा इंग्रजी मेसेज मुलीने नुकताच वाचून दाखवला होता. त्याचा माणूस बंदरावर हेलपाटे घालून दमला होता. आज खरं काय ते कळलं नाही, तर पुढची सगळी ऑर्डर दुसऱ्याला जाणार होती.

मालकाला काही उमगेना. खुर्च्या तर समोरच मांडलेल्या. कित्येकींना अजून रंगाचा शेवटचा हात लागायचा होता. त्याने मुलीला पुन्हा हाक मारली.

तिने बाबांनी हॉटेलवाल्याला आधी पाठवलेला मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, खुर्च्या निघाल्या असं लिहिलंय तुम्ही. पाठवणार आहोत, असं लिहायचं होतं."

"मी कुठलं लिहितोय? तुझ्या आईचाच जुना मेसेज उचलला. नुसते आकडे बदलले."

इंग्रजीचा सगळा कारभार बायको बघायची. ती गेल्यापासून त्याने असंच निभावून नेलं होतं. मुलीने आईचे मेसेज चाळले. बांधून झाल्या, निघाल्या, पोचल्या. पुढे व्हायच्या गोष्टीचा एकही नव्हता.

असणार कसा, हे त्याला आत्ता आठवलं. टेम्पो वळणाआड गेल्याशिवाय ती फोनला हात लावत नसे. व्हायचं ते तोंडी सांगावं, लिहावं ते झालेलंच, असं म्हणायची. तो तिला हसायचा.

जहाज चुकलं म्हणून कळवू, वेळ मारून नेऊ, असं मुलीचं म्हणणं पडलं. त्याने मान हलवली.

"खुर्च्या इथेच आहेत, असं लिही. बायको वारली, तिचे शब्द न कळता उतरवले, हेही लिही."

मुलीचा हात मध्येच थांबला, पण तिने लिहिलं.

उत्तर दुपारच्या आत आलं. मुलीने वाचता वाचताच सांगितलं. आपल्याला टोपी घातली असं हॉटेलवाल्याला वाटलं होतं. आता राग नव्हता. हॉटेल उघडायलाही उशीरच होता, खुर्च्या पुढच्या जहाजाने आल्या तरी चालणार होत्या. बाईंचं कळून त्याला फार वाईट वाटलं होतं.

मालकाचा जीव भांड्यात पडला. तो मागच्या खुर्चीवर मटकन बसला.

"बाबा, ती ओली आहे."

"कळलं," तो म्हणाला, पण उठला नाही. कितीतरी दिवसांनी त्याला हसू येत होतं.

बाकीच्यांना एकेक हात पुरला असता. ही एक घासून पहिल्यापासून रंगवायची होती.