बत्तीस नंबर

अठ्ठाविसाव्या दिवशी बसवंतने लिहिलेला प्रोग्राम पुन्हा मेला. डाळ निवडणारं मशीन थांबलं आणि त्याचा महिना परत पहिल्या दिवसावर आला.

लातूरच्या या डाळ मिलचे मालक गुरुपादप्पा यांनी त्याची मूळ सर्टिफिकेटं कपाटात कोंडून ठेवली होती. "सलग तीस दिवस मशीन चालवून दाखव अन् घेऊन जा. मला त्यातलं काय कळतंय?" या एका अटीत दीड वर्ष गेलं. बायको नांदेडला. तिथंच त्याची नोकरीही ठरली होती, पण मूळ कागदांशिवाय रुजू कोण करून घेणार? बसवंतला आता मिलचं फाटक बघितलं तरी जीव गुदमरायचा.

संध्याकाळी बायकोचा, तनुजाचा फोन आला. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची; घरून लॉगिन करून त्याचा कोडही तपासून द्यायची.

"गेलं का परत?"

"हाव. तू म्हणालीस तसे सगळे सिग्नल अडवले. तरी मेलं."

"मग तुमच्या कोडातच खोट हाय. नीट बघा. मी किती दिवस वाट बघू?"

बसवंतला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सिग्नलांची यादीच काढली. चालत्या प्रोग्रामला थांब, मर असं बाहेरून सांगायचे हे नंबर. एकतीसनंतर थेट चौतीस! मधले दोन नंबर थ्रेड लायब्ररी, म्हणजे एका प्रोग्रामात अनेक कामं एकदम चालवणारी यंत्रणा, स्वतःसाठी राखून ठेवते. 'सगळे अडव' म्हटलं तरी ते दोन उघडेच राहतात. जुन्या नोंदी बघितल्या. मरणाचं कारण दर वेळी एकच : बत्तीस.

म्हणजे चूक त्याची नव्हतीच. कुणीतरी मुद्दाम मारत होतं.

मालक! काय कळतंय म्हणत म्हणत म्हाताऱ्याने दीड वर्ष त्याला खेळवलं होतं. सिग्नल पाठवणाऱ्याचं नाव नोंदलं जाईल अशी सोय करून बसवंत गप्प बसला. तनुजालाही बोलला नाही. कागद घेऊनच तिच्या दारात उभं राहायचं होतं.

सत्ताविसाव्या दिवशी भरदुपारी मशीन थांबलं. बसवंतने गुरुपादप्पांना हाताला धरूनच स्क्रीनपुढे आणलं.

"वाचा मालक. कुणी मारलं ते मोठ्यानं वाचा."

गुरुपादप्पांनी चष्मा चढवला. एकेक इंग्रजी अक्षर जोडत वाचलं आणि मान वर केली.

"तनुजा," ते म्हणाले. "कोण रे ही?"