छाटणी

इबूला जाऊन सात दिवस झाले होते. जोग्याकार्ताच्या घरात प्रार्थना आटोपून चहा फिरू लागला, तेव्हा किनांती आईच्या विद्यार्थ्यांकडे बघत बसली होती. इबू म्हणजे आई, आणि बाईंनाही इबूच म्हणतात; म्हणून किनांतीही तिला इबू म्हणायची आणि ही पोरंही इबूच म्हणत. पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणकावर जनुकं वाचायला शिकवण्यात इबूचा जन्म गेला. सुराबायाला नोकरी करणाऱ्या लेकीच्या वाट्याला आली ती दुपारच्या फोनवरची दोन मिनिटं, तीही तास चालू असताना.

"तुमची मजा होती रे, दामार," ती त्यांच्यातल्या एकाला म्हणाली. "माझं गणित चुकलं की पाठीत धपाटा, आणि तुम्हाला दहा-दहा वेळा समजावायची."

"म्हणून तर पास झालो, ताई!"

यांच्याकडे तर इबूचा आवाजही होता. सगळे तास त्यांनी फोनवर ध्वनिमुद्रित केले होते. किनांतीकडे एक शब्दही नव्हता. शेवटी मत्सर गिळून तिने ते मागितले.

"घ्या की, ताई. नव्या मुलांसाठी मी सगळं स्वच्छ करून ठेवलंय. इबूंचा पहिला धडाच तो. जनुक वाचायला घेण्याआधी त्यातले निरुपयोगी तुकडे छाटून फेकून द्यायचे."

"यातलं काय छाटलंस?"

 

"विशेष काही नाही, ताई. मधेच तुमचा फोन यायचा ना, 'जेवलीस का गं' वगैरे, तेवढंच पुसून टाकलं."