नवं ढक्कन

भय्यासाहेब वारले तेव्हापासून रोज उन्हं कलली की स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास यायचा. विनताबाई लगेच चहात एक कप पाणी वाढवायच्या. "आले बाबा तुझे खमरियाच्या फॅक्टरीतून," मुलाला म्हणायच्या. कारण भय्यासाहेब ड्यूटीवरून आले की आधी गाडीचं बॉनेट उघडून बसायचे, आणि काळे झालेले हात पेट्रोलनेच पुसायचे.

अनुपमला आईची धास्तीच वाटायला लागली. रविवारी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असलेली ती गाडी नीट पाहिली. टाकीच्या ढक्कनाचं रबर पार चिरलं होतं. गाडी दिवसभर उन्हात तापायची आणि तिथूनच वास निघायचा.

बाजारातून नवं ढक्कन आणून त्याने कचकचून बसवलं. जुनं कचऱ्याच्या डब्यात फेकलं.

"पाहा आई, भूत-बित काही नाही. ढक्कन खराब होतं फक्त."

"अच्छा," विनताबाई एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वास आला नाही. गॅसवर पाणी उकळून आटलं, पण त्यांनी चहापत्ती टाकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अनुपम ऑफिसातून आला, तर आई गाडीपाशी वाकून जुनं ढक्कन परत बसवत होती.

"हे काय करून राहिली आई? सांगितलं ना, वास या ढक्कनातूनच येत होता!"

"मालूम आहे रे मला. काहून ओरडतो?"

 

ढक्कन फिरवून घट्ट करत विनताबाई म्हणाल्या, "तूच सांग, हे बंद केल्यावर ते येतील कुठून?"