विषयाची ओळ

आई आंघोळीला गेली की तिचा फोन तपासायचा, हा त्याचा रोजचा शिरस्ता होता. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. घरच्या माणसांची काळजी घरच्यांनीच नाही करायची तर कुणी करायची?

आज मात्र फोन उघडला आणि तो ताडकन उठून बसला. बायकोचा मेल होता. महिनाभर जिचा ठावठिकाणा लागत नव्हता, ती चक्क त्याच्या आईला लिहीत होती!

त्याने मजकूर उघडायला बोट लावलं, तर फोनने पासवर्ड मागितला. कुलूपबंद मेल. पाठवणाऱ्याने लावलेलं कुलूप, ज्याच्याकडे किल्ली त्यालाच वाचता येणार.

त्याला हसूच आलं. ऑफिसातल्या लोकांच्या मेलवर नजर ठेवणं हीच तर त्याची नोकरी होती. जेवताना तो घरात फुशारकी मारायचा, "कितीही कुलपं घाला, विषयाची ओळ उघडीच राहते. पाकीट चिकटवलं म्हणून वर लिहिलेलं झाकतं का?" बायको मान खाली घालून वाढत राहायची. आई "हो का? बाई बाई!" म्हणायची. सात वर्षांची चिमी भाजीतले वाटाणे वेगळे काढत बसायची.

आणि बाईसाहेबांनी नेमकी तीच माती खाल्ली होती. विषयाच्या ओळीत सरळ लिहिलं होतं: 'धरणाजवळचं गाव, बंद गिरणीच्या मागे, हिरवं दार, वरचा मजला. आजच्यापुरती इथे आहे.'

"देव अक्कल वाटत होता तेव्हा ही चाळण घेऊन गेली असणार," तो पुटपुटला.

आई केस पुसत बाहेर आली. त्याच्या हातात आपला फोन बघून जागीच थबकली.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय चाललंय? मला त्यातलं काही कळत नाही रे. येतं नि पडून राहतं. माझ्याच्याने उघडतसुद्धा नाही."

"पासवर्ड काय आहे?"

"तो कुठे असतो?"

त्याने कपाळाला हात लावला. हिला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने गाडीची किल्ली उचलली, तशी आई दारात आडवी आली.

"नको जाऊस. मागच्या वेळी तिचा हात गळ्यात बांधायला लागला होता. पाया पडते तुझ्या."

"मारतंय कोण? समजावून आणतो. आपलंच माणूस आहे."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला, की आईने बाजूला होऊन भिंतीला टेकायचं तेवढं केलं.

चिमी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिच्याकडे बघून तो क्षणभर घुटमळला. बायको गेल्यापासून त्याने पोरीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. शाळेत सोडायला तोच, आणायला तोच. ऑफिस समोरच्याच इमारतीत होतं आणि त्याच्या खुर्चीतून घराचं दार दिसायचं. वासरू दावणीला असलं की गाय आज ना उद्या येतेच, असं तो म्हणायचा. पण आता गायच सापडली होती. दोन-तीन तासांचा तर प्रश्न होता.

"तुझा फोन मी नेतोय," तो म्हणाला. "तिला कळवाकळवी नको."

"ने बाबा. मला मेलीला काय करायचाय?" आई म्हणाली. "दोन घास खाऊन तरी जा."

"आल्यावर खाईन. झाकून ठेव."

गाडी चालवताना तो मोठमोठ्याने बोलत होता. आधी गोड बोलायचं, पोरीचं नाव काढायचं, मग ती रडायला लागली की गाडीत बसवायचं. घरी आल्यावर पुढचं पुढे. स्टिअरिंगवरच्या त्याच्या बोटांना रग लागली तरी पकड सैल होईना.

गिरणी होती. मागची गल्ली होती. हिरवं दारसुद्धा होतं! त्याने खाली चपला काढल्या आणि आवाज न करता जिना चढला. दाराला कान लावला. आत कुणीतरी चालत होतं. भांडं वाजलं. त्याने दारावर थाप मारली.

दार उघडलं. गालांना साबण फासलेला एक म्हातारा वस्तरा हातात घेऊन उभा होता.

"इथे एक बाई राहते," तो म्हणाला.

"बाई?" म्हातारा खो खो हसला. "अहो, बाई असती तर या वयात हाताने पोळ्या लाटल्या असत्या का मी? जन्म गेला इथे, एकटाच आहे."

त्याने म्हाताऱ्याला ढकलून आत डोकं घातलं. एकच खोली, एकच खाट, एकच ताट.

तेवढ्यात त्याच्या खिशात आईचा फोन वाजला. मेल होता, बायकोच्याच पत्त्यावरून. त्याने घाईघाईने बोट लावलं. मजकुराने पासवर्ड मागितला. विषयाची ओळ मात्र उघडी होती.

'बाळा, आम्ही तिघी सुखरूप पोचलो. तुझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.'