कावळी

तासभर झाला तरी सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना. चिंचेवर कावळे होते, पण एकही खाली उतरायला तयार नव्हता. दहाव्याला जमलेले सगळे त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते. कुंदाला हसू दाबवेना. लग्न होऊन आली त्या दिवसापासून हीच माणसं तिला कावळी म्हणत आली होती, आणि सासूबाईंनी तर घरातल्या एकाही फोटोत तिला उभं राहू दिलं नव्हतं.

"आई, घर विकणार नाही," दिरानं शब्द दिला. कावळे हलले नाहीत.

मग चुलतसासू पुढे सरकल्या. "अक्का, जीव नातीत अडकलाय ना? डॉक्टरकडे नेऊ, उजळायचं मलम लावू. आईवर गेलीय म्हणून तिचं लग्न अडू देणार नाही."

सोळा वर्षांच्या ऋतानं मान खाली घातली. पिंडाला दिलेला शब्द या घरात कुणी मोडत नाही, हे कुंदाला पक्कं ठाऊक होतं. उद्यापासून पोरीचं तोंड घासायला अख्खं घर बसलं असतं.

"मलम लागणार नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माझी पोर आहे तशीच राहील."

"अगं, नुसतं हो म्हण की! आईला सुटू दे," नवरा खेकसला.

"नाही म्हणणार."

शेवटी गुरुजींनीच कंटाळून दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. वाळल्या गवताचा, पिवळट, उजळ कावळा.

"बघा," ऋताचा हात धरून निघताना कुंदा म्हणाली, "सासूबाईंना शेवटी कावळासुद्धा गोराच लागला."